जिरॅनियमचा खोडवा, आणि कोल्हापुरात तो का फुटत नाही

माझी आतेबहीण लग्न होऊन इंग्लंडात लीड्सकडे गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि दर जूनमध्ये तिचा एक फोटो येतो म्हणजे येतोच. घराच्या मागे गुलाबाची चार झाडं, आणि त्यांच्या बुडाशी निळ्या-जांभळ्या फुलांची नुसती गर्दी, माती दिसत नाही इतकी. आणि फोटोखाली तिचं ठरलेलं वाक्य, "काही केलं नाही रे मी, आपोआप आलंय." आता ही ताई कोल्हापुरात असताना दारातल्या तुळशीला पाणी घालायची आठवण आत्याला रोज करून द्यावी लागायची, त्यामुळं तिच्या हातनं एवढं फुलतंय तर आपल्याला काय अवघड आहे, असं मला वाटलं. नाव विचारलं तर म्हणाली हार्डी जिरॅनियम. हार्डी म्हणजे चिवट, म्हणजे आपल्या गच्चीला एकदम फिट, असा हिशोब मी केला आणि तिथंच चुकलो. पुढची तीन वर्षं त्या चुकीत गेली, पण त्या नादात हे झाड चालतं कसं ते मात्र नीट कळलं.

आधी नावाचा घोळ मिटवूया, कारण जिरॅनियम म्हटलं की आपल्याकडं दोघंजण दोन वेगळ्या झाडांबद्दल बोलत असतात आणि तिसरं कुणाला माहीतच नसतं. नर्सरीत थंडीच्या दिवसात लालभडक किंवा गुलाबी झुपके असलेली, गोल जाडसर पानांची कुंडी मिळते, पानावर कधीकधी तपकिरी रिंग असते, ते एक. दुसरं म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातलं "जिरेनियम", ज्याचा पाला कापून डिस्टिलेशन करून सुगंधी तेल काढतात, गुलाबासारखा वास असतो. गंमत म्हणजे ही दोन्ही खरी जिरॅनियम नाहीतच! दोघंही पेलार्गोनियम नावाच्या चुलत घराण्यातली, बहुतेक सगळी मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. ताईच्या दारात आहे ते तिसरं, म्हणजे खरं जिरॅनियम, थंड मुलखातलं, आणि त्याच्या जगभरात चारशेच्या वर जाती आहेत.

हा घोळ कुणी घातला तर खुद्द लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञानं. १७५३ साली त्यानं तेव्हा माहीत असलेल्या झाडांना शास्त्रीय नावं लावली तेव्हा ही दोन्ही घराणी एकाच जिरॅनियम नावाखाली टाकली. मग १७८९ मध्ये लेरितिये नावाच्या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर लोकांच्या तोंडात नाव बसलं होतं आणि आज सव्वादोनशे वर्षं होऊन गेली तरी कुंडीतल्या लाल फुलाला कुणी पेलार्गोनियम म्हणत नाही. मी पण नाही म्हणत. नर्सरीत जाऊन म्हणून बघा, माळी तुमच्याकडं कसा बघतो ते.

ओळखायचं कसं? पेलार्गोनियमची दांडी जाड, रसाळ, पटकन मोडणारी असते, पाणी साठवून ठेवते. खऱ्या जिरॅनियमला अशी खोडासारखी दांडी बहुतेक नसतेच, जमिनीतल्या गड्ड्यातनं सरळ बारीक देठाची पानं वर येतात, पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं. फुलाच्या पाचही पाकळ्या सारख्या, मधोमध टाचणी ठेवून फिरवल्यासारख्या. रानटी पेलार्गोनियममध्ये वरच्या दोन पाकळ्या वेगळ्या आणि खालच्या तीन वेगळ्या असतात, आता कुंडीतल्या संकरित जातींत तो फरक इतका पुसट झालाय की दांडी बघणं बरं.

आणि चोच. हे मला फार आवडतं. फूल गळलं की त्याच्या जागी लांब टोकदार चोच तयार होते, म्हणून नावच पडलं जिरॅनियम, ग्रीक भाषेत गेरानोस म्हणजे क्रौंच पक्षी. पेलार्गोनियमचं नाव करकोच्यावरनं आलंय, आणि तिसरं एक भाऊबंद आहे एरोडियम, ते बगळ्यावरनं. सगळं खानदान चोचीवरच निघालंय. या चोचीच्या बुडाशी पाच बिया असतात आणि प्रत्येक बी एका लांब पट्टीला जोडलेली असते, ऊन लागून चोच वाळत गेली की पट्टीत ताण भरत जातो, आणि एका क्षणी ती सटकन सुटून वर वळते आणि गलोलीतनं खडा मारावा तशी बी लांब फेकते. आपण लहानपणी तेरड्याच्या शेंगा फोडायचो तसंच दिसतं, पण तेरडा पाण्यानं टम्म फुगून फुटतो आणि हे वाळून सुटतं, म्हणजे काम तेच पण यंत्र उलटं.

आता मुख्य मुद्दा, ताई काहीच करत नाही तरी हे दरवर्षी येतं कसं. पुस्तकात याला बहुवर्षायू म्हणतात, पण कोल्हापूरकराला तो शब्द सांगायची गरजच नाही, खोडवा म्हटलं की झालं. ऊस तुटून गेला, वर काही राहिलं नाही, पण बुडखा जिवंत आहे, पाणी दिलं की फुटवे येतात, नवीन लागण करायची गरज नाही. हार्डी जिरॅनियमचं अगदी तसंच. थंडी पडली की वरची पानं बहुतेक जातींत वाळून जमिनीला टेकतात, बघणाऱ्याला वाटतं मेलं, पण मातीच्या तोंडाशी गड्ड्यावर डोळे तयार होऊन बसलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये तिकडं ऊब आली की तेच डोळे फुटतात. फरक एवढाच, की उसाचा खोडवा, मग निडवा म्हणजे त्याच बुडख्याचं तिसरं पीक, असं करत उतारा कमी होत जातो आणि तीनचार वर्षांत मोडून टाकावा लागतो, आणि जिरॅनियमचा गड्डा दरवर्षी रुंद होत जातो. फार रुंद झाला की मध्ये टक्कल पडतं, मग चारपाच वर्षांनी उकरायचा, खुरप्यानं तोडून तुकडे करायचे, आणि कडेचे जोमदार तुकडे परत लावायचे. त्यातले दोन शेजारणीला. ताईच्या गल्लीत म्हणे निम्म्या घरांत एकाच गड्ड्याची पोरं आहेत.

खोडव्याची दुसरी खूण म्हणजे कापणी. जूनचा पहिला बहर संपला की बऱ्याच जाती पसरट, मोकाट, मधनं फाकलेल्या दिसायला लागतात. तेव्हा तिकडची अनुभवी माणसं कात्री घेतात आणि फुलं-पानं सगळं जमिनीपासून चार बोटं ठेवून सपासप कापतात. नवख्या माणसाचा हात थरथरतो म्हणे. पण पाणी दिलं की दोनतीन आठवड्यांत ताजी पानं येतात आणि कितीतरी जातींना परत फुलं धरतात, कारण झाडाचं भांडवल सगळं खाली, वरचं काय गेलं तरी चालतं. खताचं म्हणाल तर वर्षातनं एकदा मूठभर कंपोस्ट बास, जास्त नत्र दिलं तर पानंच पानं येऊन झाड लोळतं. आपल्याकडं युरियाची मूठ हातात आली की थांबत नाही, तेवढं सांभाळायला लागेल.

शिवाय पानांचं छत इतकं दाट असतं की खाली ऊन पोचत नाही आणि तण उगवत नाही, गोगलगायी सहसा याच्या वाटेला जात नाहीत. एक मॅक्रोरायझम नावाची जात आहे, बाल्कनकडची, पानाला उग्र औषधी वास, बल्गेरियात तिला जे म्हणतात त्या नावातच आरोग्य आहे. ती मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीत सुद्धा पसरते, जिथं दुसरं काही येत नाही. म्हणून तिकडं हे आळशी माणसाचं झाड म्हणून लाडकं.

सगळ्यात लाडकी जात रोझॅन, ताईकडं तीच आहे. इंग्लंडात सॉमरसेट भागात डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या जोडप्याच्या बागेत १९८९ साली हे रोप आपोआप सापडलं, बाजारात यायला २००० साल उजाडलं, अमेरिकेत २००८ चं पेरेनियल प्लँट ऑफ द इयर झालं, आणि २०१३ साली लंडनमधल्या चेल्सीच्या फ्लॉवर शोला शंभर वर्षं झाली तेव्हा लोकांच्या मतदानातनं शतकाचं झाड म्हणून हेच निवडून आलं. जूनला सुरू झालं की थंडी पडेपर्यंत फुलतच राहतं, कारण हे वांझ आहे. याच्यात बी धरत नाही, आणि बी धरलं नाही तर झाडाला काम संपल्याचा निरोपच जात नाही, ते आपलं फुलं काढत बसतं.

आणि याचे आईबाप कोण? एक हिमालयेन्सी, दुसरं वॉलिचियानम, दोघंही हिमालयातले! वॉलिचियानमला नाव पडलंय ते नॅथानियल वॉलिक या डॅनिश डॉक्टरवरनं, जो कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा अनेक वर्षं प्रमुख होता. म्हणजे इंग्रजांच्या अंगणाची शान म्हणून जे मिरवतं त्याचं आजोळ आपल्या देशात. कोल्हापुरातले ट्रेकर लोक ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात त्यांनी हे वॉलिचियानम बघितलेलं असणार, जांभळट गुलाबी, मध्ये पांढरट डोळा, फोटो पण काढला असणार, फक्त नाव माहीत नसणार.

हे वाचून मी जास्तच चढलो. भारतातलंच झाड आहे म्हटल्यावर कोल्हापुरात का नाही येणार? तर मर्दा, हिमालय आणि कोल्हापूर एका देशात असले म्हणून एका हवेत नाहीत.

हार्डी या शब्दाचा अर्थ बागकामात चिवट असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच, की थंडी किती सोसतं. अमेरिकेत झोनचे आकडे असतात, ते त्या भागात वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी सरासरी किती पडते यावरनं काढलेले. झोन ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३ अंश. रोझॅनला झोन ५ चालतो, म्हणजे उणे पंचवीसला सुद्धा गड्डा जिवंत राहतो. लई भारी. पण आपल्याला उणे पंचवीसचं करायचंय काय? उन्हाळ्याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. उलट तिकडं ज्याला नाजूक म्हणून हिवाळ्यात घरात घेतात, ते लाल फुलांचं पेलार्गोनियम आपल्या गच्चीवर दोनदोन वर्षं टिकतं, पावसात कुजलं नाही तर.

मग उन्हाळ्यात नेमकं होतं काय? मला आधी वाटायचं दुपारचं ऊन. म्हणून मी नेट लावली, ओलं पोतं गुंडाळलं, आई रोज म्हणायची, "मी घालतो की पाणी, तू कशाला काळजी करतोयस." पण दुपार हा अर्धाच प्रश्न आहे, खरा मारेकरी रात्र. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं, आणि रात्रंदिवस ती थोडीथोडी जाळत राहतं, जगायला म्हणून. ही जाळण्याची चूल तापमानावर चालते, साधारण १० अंश वाढले की जाळण्याचा वेग दुपटीच्या जवळ जातो. लंडनला जुलैत, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, रात्री १४-१५ अंशापर्यंत उतरतं. आपल्याकडं एवढं उतरतं ते जानेवारीच्या पहाटे! म्हणजे आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला जातो ती पहाट या झाडाच्या हिशोबानं उन्हाळ्याची रात्र आहे. आणि आपला मे? रात्री सुद्धा बावीस-तेवीसच्या खाली नाव नाही. दिवसभर उकाड्यात झाड पानाची तोंडं मिटून बसलेलं, कमाई बंद, आणि रात्रभर चूल धडधडून पेटलेली. गड्ड्यात साठवलेलं भांडवल महिन्या-दीड महिन्यात खाऊन संपतं. वरनं पाणी घातलं की आपल्याला वाटतं सेवा केली, पण गरम ओल्या मातीत अशक्त मुळं कुजायलाच मदत होते. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

त्यातनं वाचलं तर जूनमध्ये पाऊस. तिकडंही पाऊस पडतो, पण वर्षभर भुरभुर. आपल्याकडं वर्षाचा बहुतेक सगळा कोटा चार महिन्यांत, गगनबावड्याकडं तर विचारूच नका. ज्या झाडाला माती ओलसर पण निचऱ्याची लागते ते काळ्या मातीच्या चिखलात किती दिवस श्वास घेणार.

माझ्या प्रयोगाचं सांगतो थोडक्यात. पहिल्या वर्षी ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं रोझॅनच्या बिया मागवल्या, पाकिटावर ताईच्या फोटोसारखाच फोटो. उगवलं ते तण, राजगिऱ्याच्या जातीचं काहीतरी. तेव्हा मला माहीत नव्हतं की रोझॅनला बी धरतच नाही, ते गड्डा फोडून किंवा काड्या लावूनच वाढवतात, त्यामुळं रोझॅनची बी विकतोय म्हणजे तो तुम्हाला फसवतोय, एवढं साधं गणित. दुसऱ्या वर्षी ताई म्हणाली गड्डाच आणते बॅगेतनं, तिला नको म्हटलं, कारण परदेशातनं रोपं, बिया, मुळं आणायची तर त्या देशाचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट आणि आपल्याकडचं परमिट लागतं, २००३ चा प्लँट क्वारंटाईनचा आदेशच आहे, आणि तो उगाच नाही, मातीबरोबर काय कीड येईल सांगता येत नाही. शेवटी ओळखीच्या एका हौशी माणसाकडनं सँग्विनियम नावाच्या जातीच्या बिया मिळाल्या, ही त्यातल्या त्यात ऊन सोसणारी. ऑक्टोबर संपताना पेरल्या. या बियांचं टरफल कडक असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून बारीक पॉलिश पेपरवर हलक्या घासून मग भिजत घातल्या. वीसातल्या सहा आल्या. डिसेंबर-जानेवारीत काय सुंदर पानं होती! पण फूल एक नाही, एकतर बियांपासनं आलेलं झाड पहिल्या वर्षी बरेचदा फुलत नाही, त्यात आपल्याकडं हवा त्याच्या मनासारखी असते तेव्हा दिवस अकरा तासांचा, तिकडच्या जूनमध्ये सोळा तासांहून मोठा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गच्चीवरची चारही गेली. दोन मी पन्हाळ्यावर मित्राच्या घरी ठेवली होती, ती मेमधनं तरली, आणि जुलैत कुजली.

तरी कुणाला नाद करायचाच असेल तर पन्हाळा, महाबळेश्वर अशा उंचावर करा, निदान रात्री जरा गार असतात. मातीची कुंडी, प्लास्टिकची नको, तळाला विटांचा रोडा, मातीत निम्मी जाड वाळू आणि थोडं शेणखत, जागा पूर्वेची म्हणजे दहा-अकरापर्यंतचं ऊन आणि मग सावली. वर उसाचं पाचट अंथरा, मुळं गार राहतात, ते आपल्याकडं फुकट मिळतं. पावसात कुंडी पत्र्याखाली घ्यायची. आणि थंडीपुरता पाहुणा आहे असं समजून लावायचं, राहिला तर नशीब.

पण मला आता त्या निळ्या फुलापेक्षा खोडव्याची कल्पनाच जास्त पटलीय. तिकडच्या झाडाला झोपायला हिवाळा लागतो, कारण तिकडं मरायचे महिने ते आहेत. आपल्याकडं मरायचे महिने मार्च ते मे. मग आपले हार्डी कोण, तर जे उन्हाळ्यात मातीत गुडूप होतात आणि वळीव पडला की उठतात. गुलबक्षी बघा, खाली मुळ्यासारखा कंद, उन्हाळ्यात पाणी नसेल तर वरचं सगळं वाळतं, पावसाबरोबर परत हजर, शिवाय बिया पडून दहा पोरं. रेन लिली, नावच सांगतं. सोनटक्का ओल्या जागेला. पन्हाळ्याच्या वाटेवर पावसात रानहळद दिसते ती हाच खेळ खेळते. आणि ज्याला खरंच जमिनीलगत निळं काहीतरी हवंय त्यानं इव्हॉल्व्ह्युलस लावावा, नर्सरीत सहज मिळतो, भर उन्हात फुलतो. बुटका रुएलिया पण आहे, पण तो मोकाट सुटतो, कुंडीतच बरा.

माझी निवड भुईचाफा. गेल्या वर्षी गुलाबांच्या बुडाशी त्याचे कंद दाबले आणि डिसेंबरला पानं वाळल्यावर सरळ विसरून गेलो, पाणी गुलाबाला द्यायचो तेवढंच, ते पण लांबनं. यंदा एप्रिलमध्ये, गच्चीवर पाय ठेववत नाही अशा दिवसात, पान नाही देठ नाही आणि कोरड्या मातीतनं थेट फूल वर, पांढरं-जांभळं, वासाचं. ताईला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काही केलं नाही गं मी." तिचा लगेच मेसेज, हे आमच्याकडं जगेल का. म्हटलं जमिनीत नको लावू, तिथल्या थंडीत कंद कुजेल, कुंडीत लाव, ऑक्टोबरला घरात घे, पानं वाळली की पाणी बंद कर आणि मेपर्यंत हात लावू नको. तर म्हणते, "एवढं सगळं कोण लक्षात ठेवणार?"